ब्रेकर ऑफ, पण स्प्रिंग भरलेली

[दृश्य: साखर कारखान्याचं आवार. गव्हाण रिकामी, चिमणी थंड.]

गळीत हंगाम संपून काही महिने झालेत. मिलचे रोलर दुरुस्तीला उतरवलेत, आणि कारखाना महावितरणच्या लाइनवर कसाबसा जागा आहे. बॉयलरचं अग्निप्रदीपन होण्याआधी इलेक्ट्रिकल विभागाला एक काम उरकावंच लागतं. मेन पॅनेलमधल्या एअर सर्किट ब्रेकरची, म्हणजे जादा करंट वाहिला की पुरवठा तोडणाऱ्या, सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एसीबीची तपासणी.

[दृश्य: पॅनेल रूम. एसीबीचा दर्शनी भाग जवळून.]

११ केव्हीचा पुरवठा ट्रान्सफॉर्मरमधून ४३३ व्होल्टवर उतरतो आणि या ब्रेकरवर येतो. ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीएचा असेल, तर पूर्ण लोडला साधारण १३३० अँपिअर वाहतात, म्हणून इथे १६०० अँपिअरचा एसीबी बसवतात. पण बसबारवर, म्हणजे पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्ट्यांवर, शॉर्टसर्किट झालं, तर ५ टक्के इम्पीडन्सच्या (आतल्या विरोधाच्या) याच ट्रान्सफॉर्मरमधून २६-२७ हजार अँपिअर धावू शकतात. तेव्हा कॉन्टॅक्ट सुटताना पेटणारा आर्क, म्हणजे विजेचा झोत, वर आर्क शूट नावाच्या खोक्यात ढकलला जातो. तिथल्या लोखंडी पट्ट्या त्याचे तुकडे करून त्याला थंड करतात आणि विझवतात. आर्क शूट काढून ठेवलेला ब्रेकर कधीही लावू, म्हणजे ऑन करू, नये, अगदी ‘दोन मिनिटांसाठी’सुद्धा.

इतका करंट जोडायचा, तर कॉन्टॅक्ट झटक्यात आणि पुऱ्या दाबाने मिटले पाहिजेत. हा वेग माणसाच्या हातावर सोडला, तर कुणी जोरात ओढेल, कुणी बिचकत. म्हणून हाताचं काम स्प्रिंग भरण्यापुरतंच ठेवलंय. ब्रेकर लावते ती स्प्रिंग.

[दृश्य: चार्जिंग हँडल खाली-वर होतंय. रॅचेटचा कटकट आवाज.]

हँडल पूर्ण खाली ओढायचं, पूर्ण वर सोडायचं. किती वेळा, ते मॉडेलप्रमाणे बदलतं. दर खेपेला हात जड होत जातो, मग एक ठसठशीत ‘खट्’ ऐकू येतं आणि हँडल हलकं होतं. छोट्या खिडकीत ‘चार्ज्ड’ची खूण दिसते. हँडल अडलं, तर पाइप लावून जोर करू नका. बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) भुसा आणि सुकलेलं ग्रीस मेकॅनिझममध्ये बसलेलं असतं, ते आधी साफ करायला हवं.

आता ऑनचं बटण दाबलं, की क्लोजिंग स्प्रिंग सुटते आणि सुटता सुटता ओपनिंग स्प्रिंगा ताणून ठेवते. त्यामुळे ट्रिप होताना ब्रेकर उघडायला लागणारी ताकद आतच तयार असते. मोटर बसवलेली असेल, तर काही सेकंदांत ती क्लोजिंग स्प्रिंग पुन्हा भरते. म्हणजे चालू ब्रेकरमध्ये दोन्हीकडे ताण भरलेला. तो ऑफ केला, तरी क्लोजिंग स्प्रिंग भरलेलीच राहते. चुकून बटणाला कोपर लागलं किंवा कंट्रोल रूममधून क्लोजिंग कॉइलला (दुरून ब्रेकर लावणाऱ्या कॉइलला) सिग्नल आला, की कॉन्टॅक्ट बोटांसकट मिटतील.

[दृश्य: दोन कामगार पॅनेलसमोर.]

“दादा, ब्रेकर ऑफ आहे. कव्हर काढू?”

“थांब. आधी स्प्रिंगची खिडकी बघ.”

असा ‘थांब’ म्हणणारा सुपरवायझर प्रत्येक शिफ्टला असायला हवा.

काम असं चालतं. खालचे फीडर, म्हणजे पुढे वीज नेणाऱ्या लाइनी, आधी बंद, मग एसीबी ऑफ. पॅनेलचं दार लावलेलंच ठेवून ब्रेकर मागे सरकवणाऱ्या रॅकिंग हँडलने तो सर्व्हिस (कामाच्या) जागेवरून टेस्टवर, तिथून आयसोलेटेडवर, म्हणजे पूर्ण सुटलेल्या जागी. टेस्ट पोझिशनला मेन कॉन्टॅक्ट सुटतात, कंट्रोल वायरिंग मात्र जोडलेलं असतं, म्हणून तिथे थांबून कव्हर काढायचं नाही. मोटरचा कंट्रोल सप्लाय तोडायचा, कारण तो राहिला तर तुम्ही सोडलेली स्प्रिंग मोटर लगेच पुन्हा भरेल. मग ऑफ, ऑन, ऑफ, या क्रमाने बटणं दाबून स्प्रिंग रिकामी करायची. दोन्ही खिडक्या पाहायच्या, एकीत ‘ऑफ’, दुसरीत ‘डिस्चार्ज्ड’. पॅडलॉक लावायचा, आपल्या नावाचा टॅग लावायचा, किल्ली आपल्याच खिशात.

[दृश्य: ब्रेकर बाहेर ओढलेला. क्रेडलमधले, म्हणजे ब्रेकर बसायच्या चौकटीतले शटर.]

ब्रेकर बाहेर आला, तरी शटरमागे ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला ४३३ व्होल्ट उभेच आहेत. शटर उचकटून आत डोकावायचं नाही. तिथे हात घालायचाच असेल, तर ११ केव्हीची बाजू बंद, अर्थ केलेली आणि परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, हातात हवं. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासायचा, मग इथे लावायचा, मग पुन्हा चालू लाइनवर.

साखर कारखान्यात आणखी एक धोका आहे. हंगामात वीज स्वतःच्या टर्बाइनची, बिगरहंगामात महावितरणची. दोन इन्कमर (वीज आत आणणारे ब्रेकर) आणि बस कप्लर (दोन्ही बसबार जोडणारा ब्रेकर) यांना कुलपं तीन, किल्ल्या दोनच, आणि किल्ली लावल्याशिवाय ब्रेकर लागत नाही, म्हणजे तिन्ही ब्रेकर एकाच वेळी लागू शकत नाहीत. तिसरी किल्ली बाजारात करून घेणारा माणूस दोन वेगळे सप्लाय एकमेकांवर आदळण्याची सोय करतो. अशी किल्ली सापडली, तर ती त्याच दिवशी मोडली पाहिजे.

[दृश्य: हंगाम सुरू. गव्हाणीत ऊस. अचानक मिल थांबते.]

एसीबी ट्रिप झालाय. ऊस अडकलाय, फोन वाजतोय, आणि कुणीतरी म्हणतं, “रीसेट मारून लाव एकदा!” इथे घाई करू नका. रिलीजवर, म्हणजे फॉल्ट ओळखून ब्रेकर ट्रिप करणाऱ्या भागावर, काय दिसतंय ते पाहा. ओव्हरलोड असेल, तर कुठल्या मोटरने ओढलं ते शोधता येतं. शॉर्टसर्किट किंवा अर्थ फॉल्ट असेल, तर केबल आणि बसबार मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राने) तपासल्याशिवाय, कॉन्टॅक्ट आणि आर्क शूट उघडून पाहिल्याशिवाय ब्रेकर लावायचा नाही. मेगर करताना रिलीजची इलेक्ट्रॉनिक जोडणी सोडवायची, नाहीतर ती जळेल. लावताना फीडर बंद, दार बंद, आणि समोर कुणी उभं नाही. आणि रीसेटला बोट लावण्याआधी फॉल्टचा प्रकार आणि वेळ लॉगबुकात लिहा, कारण बऱ्याच रिलीजमध्ये रीसेट दाबताच ती खूण पुसली जाते.