उडदाच्या मुळांवरच्या गाठी आणि आपलं वेळापत्रक

(खानदेशातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर आणि पालकांसमोर केलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप.)

मुलामुलींनो, आणि शेतातली कामं सोडून इतक्या लांबून आलेल्या पालक मंडळींनो,

बाहेर बोर्डावर वेळापत्रक लावलंय. तुम्ही त्याचे फोटो काढलेत, ते बरं केलंत. पण त्या कागदावर दिसत नाही अशी एक गोष्ट आहे आणि मला आज मुख्यतः तीच सांगायची आहे. गणिताचा एखादा तास बुडला तर मैत्रिणीच्या वहीवरून तो भरून काढता येतो. आमच्या प्रयोगशाळेतला तास बुडला तर पुष्कळदा तो त्या वर्षापुरता गेलाच. कारण आमचं अर्धं वेळापत्रक पाऊस ठरवतो आणि उरलेलं पिकं ठरवतात.

उडदाचंच बघा. जूनच्या पावसावर पेरलेला उडीद आणि मूग हे सत्तर-पंचाहत्तर दिवसांचं पीक. ऑगस्टमध्ये ते फुलावर असतं. त्या दिवसांत एक झाड मातीसकट, मुळं न तुटू देता काढायचं आणि मुळं पाण्यात हलक्या हाताने धुवायची. मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्यातली एक ब्लेडने मधोमध कापा. आतून ती गुलाबी, लालसर निघते. तुम्ही घरी उडीद पिकवता, खाता, पण गाठ कापून पाहिलेलं पोरगं वर्गात क्वचितच भेटतं.

तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच हे भाऊबंद प्रथिन. गाठीत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. हे काम करणारं त्यांचं विकर (एन्झाइम), नायट्रोजिनेज, ऑक्सिजनच्या संपर्कात निकामी होतं. आणि जिवाणूंना श्वासाला तर ऑक्सिजन हवाच. हा पेच लेगहिमोग्लोबिन सोडवतं. मोकळा ऑक्सिजन ते धरून ठेवतं आणि जिवाणूंना लागेल तेवढाच पोचवतं. एका मुगाएवढ्या गाठीत हा सगळा बंदोबस्त चालू असतो. शेंगा भरायला लागल्या की झाडाचं अन्न दाण्यांकडे वळतं. मग गाठी हिरवट, तपकिरी पडतात आणि पोकळ होतात. आता पोळा होऊन काढणी आटोपल्यावर कोणी माझ्याकडे आलं आणि म्हणालं, 'मॅडम, माझं गाठींचं प्रॅक्टिकल राहिलं,' तर मी त्याला काय दाखवणार? पुस्तकातलं चित्र दाखवीन. पण ते पाहायला कॉलेजात यायची गरज नव्हती.

म्हणून प्रात्यक्षिकाला यायचंच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबात थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास आणि प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. त्यावरून ओळखा की वेळ कुठे जायला हवा. दोन क्रेडिटच्या प्रात्यक्षिकाला आठवड्यातले सलग चार तास लागतात. ७५ टक्के हजेरीची अट तुम्हाला कार्यालयाने सांगितली असेलच. मी त्यावर जास्त बोलत नाही, कारण अटीपुरतं येणाऱ्याला या विषयातलं फारसं काही मिळत नाही.

पालकांशी एक बोलायचंय. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला येतो, मजूर मिळत नाही, मग घरातली मुलं शेतात जातात. हे मला माहीत आहे आणि त्यात मी काही वाईट मानत नाही. फक्त आधी कळवा. त्याच आठवड्यात दुसऱ्या बॅचबरोबर बसायची सोय आम्ही करतो. आठवडा उलटल्यावर मात्र सोय करणं माझ्या हातात राहत नाही.

आणि शेतात गेलात तरी डोळे तुमच्याजवळच असतात. कपाशीचं फूल पाहा. सकाळी उमलतं तेव्हा पांढरट-पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी तेच गुलाबी-लालसर होतं. मंगळवारच्या बॅचने पांढरं फूल काढलं आणि बुधवारच्या बॅचने गुलाबी, तर चूक कोणाची? कोणाचीच नाही, पण चित्राच्या वर तारीख, वेळ आणि फूल झाडावर किती दिवसांचं होतं ते लिहिलेलं असेल तरच. नसेल तर दोन्ही चित्रं माझ्या दृष्टीने अर्धी. काही फुलं तुम्हाला नीट उमललेलीच दिसणार नाहीत, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या असतील. ती डोमकळी. घरी विचारलंत तर वडील लगेच सांगतील. ती उघडा, आत गुलाबी बोंडअळी सापडेल. अंडी, अळी, कोष आणि पतंग हे रूपांतर तुम्ही पाठ केलेलं आहे. आता ते बांधावर जाऊन शोधा. शेतात लावलेल्या कामगंध सापळ्यात नर पतंगच का सापडतात, हा प्रश्न मी तोंडी परीक्षेत विचारते, हे आत्ताच सांगून ठेवते.

आता जर्नलबद्दल, कारण मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते. मागच्या वर्षीच्या ताईचं सुबक जर्नल आणून त्यावरून आकृत्या उतरवण्याची पद्धत सगळीकडे आहे. कागद स्वच्छ दिसतो, सही मिळते, आणि पोरगी सूक्ष्मदर्शकातून एकदाही नीट न पाहता पुढच्या वर्षात जाते. कांद्याच्या मुळाच्या टोकाचं प्रॅक्टिकल घ्या. कांदा पाण्यावर ठेवून मुळं वाढवायची, सकाळी साधारण आठ ते दहाच्या दरम्यान टोकं कापून आम्ल-अल्कोहोलच्या मिश्रणात टाकायची, मग अ‍ॅसिटोकार्मिनने रंगवून काचपट्टीवर दाबायची. सकाळचीच वेळ, कारण तेव्हा विभाजनातल्या पेशी जास्त मिळतात. पुस्तकात चार अवस्था एका ओळीत सुंदर मांडलेल्या असतात. तुमच्या काचेवर मात्र बहुतेक पेशी विभाजन न होणाऱ्या, गोल केंद्रकाच्या दिसतील. कुठेतरी एखादी मध्यावस्था, एखादी पश्चावस्था, आणि त्यातही गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात, पण तुम्हाला ती सुटी मोजता येतीलच असं नाही. नाही आली तर तसं लिहा. दिसलेल्या पेशी मोजा, त्यातल्या किती विभाजनात होत्या ते लिहा. एकच अवस्था दिसली तर एकच काढा. त्या पानाला मी पूर्ण गुण देईन. आणि न दिसलेल्या चार अवस्था रंगीत पेन्सिलींनी सजवून आणल्या तर पान परत करीन. विज्ञानाच्या वर्गात न पाहिलेलं लिहिणं ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

आकृती साध्या पेन्सिलीने काढा, छायांकन नको, आणि शेजारी आवर्धन लिहा. नेत्रिका १० ची आणि वस्तुभिंग ४५ चं असेल तर ४५० पट. हे विसरलेली आकृती मापाशिवायच्या नकाशासारखी असते.

इंग्रजीची भीती घेऊन बरीच मुलं येतात. घरी अहिराणी, कोणाकडे लेवा गणबोली, सातपुड्यातून आलेल्यांकडे पावरी नाहीतर तडवी भिलांची बोली, शाळा मराठीत आणि इथे एकदम इंग्रजी पुस्तक. थेंबभर पाण्यात हलणारे जीव पहिल्यांदा पाहून ज्याने ते जगाला कळवले तो लेव्हेनहूक हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी होता. विद्यापीठात तो गेला नव्हता आणि विद्वानांची लॅटिन त्याला येत नव्हती. १६७० च्या दशकापासून लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने पत्रं लिहिली ती आपल्या डच भाषेत. त्यात त्याने पाहिलेलं इतकं नेमकं होतं की त्यांना ती भाषांतर करून घ्यावी लागली. तेव्हा सूक्ष्मदर्शकापाशी मला 'मॅडम, हाई काय शे?' असं विचारलंत तरी चालेल. इंग्रजी संज्ञा आपण रोज थोड्या थोड्या शिकू, त्या शिकाव्या लागतीलच. प्रश्न मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका.

बेडूक कापावा लागेल का, असं काही पालकांनी येताना विचारलं. नाही. २०१४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या अभ्यासक्रमातली प्राण्यांची विच्छेदनं थांबवली आहेत. आम्ही प्रतिकृती, तयार काचपट्ट्या आणि चित्रफिती वापरतो. जिवंत प्राणी पाहायचे ते त्यांच्या जागी जाऊन. थंडीत हतनूरच्या जलाशयावर पाहुणे पक्षी येतात, तिथे दुसऱ्या सत्रात नेऊ.

प्रयोगशाळेत सुती अ‍ॅप्रन, बांधलेले केस आणि बंद बूट. चपला घालून आलेल्याला मी आत घेणार नाही, कारण आम्लाचा थेंब पडतो तो पायावरच. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. तिथे खायचं काही नाही, टेबलावर ठेवलेलं केळंसुद्धा नाही.

ते केळं असेल आयोडिनच्या प्रयोगासाठी. कच्च्या केळ्याच्या चकतीवर आयोडिनचा थेंब टाकला की निळं-काळं होतं, कारण ते पिठूळ द्रव्याने, म्हणजे स्टार्चने भरलेलं असतं. पिकलेल्यावर तो रंग जेमतेम येतो, कारण स्टार्चची साखर झालेली असते. रावेर-यावलच्या मुलांना पिकवण केंद्रात इथिलिन वायू सोडतात हे ठाऊक असेल. त्या वायूने केळ्याच्या आत काय सुरू होतं ते आपण दिवसाआड चकत्या तपासून पाहू. तुमच्या बागेतली जी-नाइन केळी त्रिगुणित आहे. गुणसूत्रांचे ११-११ चे तीन संच, एकूण ३३. तीन संच सारखे वाटले जात नाहीत, म्हणून बी धरत नाही. मग लागवड कंदांवरून नाहीतर ऊतिसंवर्धित, म्हणजे टिश्यू कल्चरच्या रोपांवरून, आणि सगळी बाग आनुवंशिक दृष्ट्या जवळपास एकच झाड. रोग शिरला की बागच्या बाग का बळी पडते, याचं एक मोठं कारण इथे आहे.

सत्राच्या शेवटी आनुवंशिकता येईल आणि तेव्हा सिकलसेलचा विषय निघेल. नंदुरबारकडच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार घराघराला माहीत आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढ्या एका बदलाने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून बदललेलं एक जनुक बाळगणारे, असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजाराची शक्यता चारात एक असते. प्रत्येक वेळी नव्याने. एक मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा अर्थ कोणी काढतं तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण त्यावर माणसं संसाराचे निर्णय घेतात. हा हिशेब तुम्हाला इतका पक्का यायला हवा की घरी, गावात समजावून सांगता येईल. वर्गात मात्र कोणी कोणाला 'तुझा रिपोर्ट काय आला' असं विचारायचं नाही. मीही विचारणार नाही. रक्ताच्या तयार काचपट्ट्या आहेत, त्याच पाहू, कोणाचं बोट टोचायचं नाही.

सोमवारपासून बॅचेस सुरू होतील. पहिल्या दोन आठवड्यांत सूक्ष्मदर्शक हाताळणं, गालाच्या आतल्या पेशी आणि कांद्याची साल. मग पावसाच्या डबक्यातलं पाणी आणि भिंतीवरचं शेवाळ, ते आत्ताच हिरवं आहे. उडदाच्या गाठी ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पाऊस कसा होतो त्यावर नक्की दिवस ठरेल. ज्यांच्या शेतात उडीद-मूग आहे त्यांनी फुलं दिसली की मला कळवायचं आणि त्या आठवड्यात चार-पाच झाडं मुळांच्या मातीसकट ओल्या गोणपाटात गुंडाळून आणायची. पालकांपैकी कोणाला झाडं द्यायला जमणार असेल तर निघण्याआधी दारापाशी गावाचं नाव लिहून ठेवा.