सोंग कोण वाटून देतं?

नमस्कार श्रोतेहो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात पत्ते कुटतात, हे तुम्हाला काय सांगायचं! आमच्या लहानपणी मोठी माणसं ओट्यावर तीन पत्ती खेळायची आणि आम्ही पोरं जिन्याखाली डब्ल्यूडब्ल्यूएफची, म्हणजे टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीतल्या पहिलवानांची, कार्डं. रँक, उंची, वजन, छाती. ‘वजन!’ म्हणून योकोझुनाचं कार्ड आपटलं की समोरच्याचा डाव गेलाच. जपानचा सुमो पहिलवान, असं आम्ही छातीठोक सांगायचो. पुढे कळलं, तो मूळ सामोअन घराण्यातला, जन्मला अमेरिकेत. जपानीपण हे त्याला दिलेलं सोंग.

आपल्या जत्रेत दुपारी दंगल आणि रात्री तमाशा. टीव्हीवरच्या कुस्तीत दोन्ही एकाच रिंगणात. निकाल आधी ठरलेला असतो, हे आता लपून राहिलेलं नाही. अंग मात्र खरंच आदळतं. लोक म्हणतात, खोटीच तर कुस्ती, कोण जिंकलं त्याचं काय एवढं? मला नेमकं उलटं वाटतं. मातीत पाठ लागली तर पहिलवान कमी पडला, विषय संपला. टीव्हीवर मात्र विजेत्याचा पट्टा कोणाच्या कमरेला शोभेल, हे कोणीतरी टेबलाशी बसून ठरवतं. मग तो वर्षानुवर्षं कोणाला मिळत नाही, हे बघायला नको?

याच टीव्हीवरच्या कुस्तीतला कोफी किंग्स्टन जन्माने घानाचा. त्याला टीव्हीवर आणलं ते जमैकाचा म्हणून, तिकडच्या हेलासकट. नंतर ते सोंग गुपचूप उतरवलं. मुख्य पट्टा त्याला मिळाला २०१९च्या रेसलमेनियात, म्हणजे या कुस्तीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सोहळ्यात, येऊन अकरा वर्षं झाल्यावर. त्याच रात्री रेसलमेनियाची शेवटची, मानाची कुस्ती पहिल्यांदाच बायकांची झाली.

आणि आपला खली? हिमाचलचा दलीपसिंग राणा. २००६ साली त्याने तिथल्या नावाजलेल्या अंडरटेकरला लोळवलं तेव्हा आमची आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली. “हाऊ आपला शे का रे?” आपलाच शे, म्हटलं. मग तीही बसली बघायला. पण खली बोलेचना! त्याच्या वतीने बोलायला उभा केलेला दैवारी, इराणी वंशाचा अमेरिकन. तिकडच्यांच्या लेखी सगळा पूर्वेचा मुलूख एकच असावा. २००७ला खलीला मोठा पट्टा मिळाला, आम्ही गल्लीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. पुढे त्याच खलीला नाचवून त्याचं हसं केलं. आजी तेव्हा उठून गेली होती, हे बरं.

२०१७ साली हरियाणाची कविता देवी सलवार-कमीज घालून त्याच टीव्हीवरच्या रिंगणात उतरली. हरली ती, पण वेश तिचा रोजचा होता.

आता टीव्हीवाल्यांना नावं ठेवताना आपल्या आखाड्याकडेही बघायला हवं. आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरीने सलग तीनदा महाराष्ट्र केसरीची गदा आणली, ती दमावर. ती स्पर्धा १९६१ पासूनची. पोरींना मात्र पहिली महिला महाराष्ट्र केसरी बघायला २०२३ उजाडावं लागलं.

मागे एका जत्रेत बसलो होतो. रेवड्यांच्या, म्हणजे लहान पोरांच्या, कुस्त्या संपल्या आणि बारा-तेरा वर्षांची एक मुलगी ट्रॅकपँट वर खोचून मैदानात आली. जोडीला मुलगी नव्हती. वजनाला बरोबरीचा एक पोरगा तयार झाला, तेवढ्यात त्याच्या काकाने त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. हरला असता तर गावात काय तोंड दाखवणार! पंचांनी तिला नारळ दिला, शंभराची नोट दिली, भोंग्यावरून कौतुक केलं आणि पुढची जोड पुकारली. तिने अंगाला माती आधीच चोळली होती. नारळ काखेत धरून ती दुसऱ्या हाताने दंडावरची माती झटकत होती.