गच्चीवरचा कर्णा

दृश्य: कॉलेजची गच्ची. पुठ्ठ्याला आतून अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावलेला मोठा कर्णा, म्हणजे रेडिओलहरी पकडणारा अँटेना, आकाशाकडे वळवलेला.

निवेदन:
खगोलभौतिकीच्या ओढीनं बी.एस्सी.ला आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी आकाश फारसं भेटत नाही. भेटतं ते मेकॅनिक्स, विद्युतचुंबकत्व आणि वहीभर कॅल्क्युलस. मग एके दिवशी क्वांटमच्या तासाला फळ्यावर हायड्रोजनचा अणू येतो. एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन. दोघांचे स्पिन (कणाचा स्वतःभोवती फिरल्यासारखा गुणधर्म) एकाच दिशेला असले तर ऊर्जा किंचित जास्त. इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटला, की ती ऊर्जा रेडिओलहर होऊन बाहेर पडते: लांबी २१ सेंटिमीटर, वारंवारिता १४२०.४ मेगाहर्ट्झ.

एकट्या अणूला असं उलटायला सरासरी एक कोटीहून जास्त वर्षं लागतात. पण आकाशगंगेत हायड्रोजन इतका अमाप आहे, की ही लहर आपल्यापर्यंत अखंड येत राहते.

दृश्य: जुनं छायाचित्र. खिडकीबाहेर काढलेला अँटेना.

हे भाकीत १९४४ साली केलं हेंड्रिक व्हॅन डे हुल्स्ट यांनी, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये. तेव्हा ते विद्यार्थीच होते. १९५१ मध्ये हार्वर्डच्या हॅरल्ड युइन या संशोधक विद्यार्थ्यानं प्लायवूडचा कर्णा केला, आतून तांब्याचा पत्रा लावला, प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर बसवला. मार्गदर्शक एडवर्ड पर्सेल यांच्यासोबत त्यानं ती लहर पकडली.

आज हाच प्रयोग पदवीचे विद्यार्थी करतात. कर्णा, अ‍ॅम्प्लिफायर, लॅपटॉपला जोडायचा छोटा रिसीव्हर. दिवस असो, ढग असोत, चालतं.

दृश्य: लॅपटॉपवर स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारितेला किती सिग्नल, याचा आलेख), मध्ये उंचवटा.

उंचवटा नेमका १४२०.४ वर नसतो, आणि खरी गंमत तिथेच आहे. हायड्रोजन आपल्याकडे येत किंवा दूर जात असला, की सेकंदाला १ किलोमीटर वेगामागे उंचवटा सुमारे ४.७ किलोहर्ट्झ सरकतो. पृथ्वीची स्वतःची गती वजा करायची, कर्णा आकाशगंगेच्या पट्ट्यात फिरवत जायचं, आणि केंद्रापासूनच्या अंतरानुसार हायड्रोजनच्या फिरण्याच्या वेगाचा आलेख काढायचा. बहुतेक वस्तुमान केंद्रात असतं, तर ग्रहांसारखा हा वेगही बाहेर जाताना उतरला असता. तो उतरत नाही. सूर्याच्या कक्षेच्या पलीकडेही नाही. कृष्णद्रव्याचा, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याचा, हा एक मोठा पुरावा, आणि त्याची सुरुवात तिसऱ्या वर्षाच्या मुलीला स्वतःच्या वहीत काढता येते! प्रत्येक भौतिकशास्त्र विभागात हा प्रयोग व्हायलाच हवा.

पुण्यात एनसीआरए आणि आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेतात. आणि नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या दूरच्या दीर्घिकांमधला हाच हायड्रोजन टिपत असतात.