तूं कोणालो रे?

(फोंडा येथे महाविद्यालयीन विद्यार्थी आणि नागरिक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. माझं बालपण इथून जवळच, बांदोड्याला गेलं. आमच्या वाड्यावर एक म्हातारी पायरीवर बसून माडाच्या चुडताचे हीर काढत असायची. नवा पोरगा रस्त्याने जाताना दिसला की कोयता थांबवून विचारायची, “तूं कोणालो रे?” म्हणजे तू कुणाचा? पोरगा बापाचं नाव सांगायचा. मग आजोबाचं, मग आईचं माहेर. तीन प्रश्नांत ती त्याला जागेवर बसवायची: “म्हणजे मडकयच्या अमक्याचा तू पणतू. तुझ्या आजीची बहीण आमच्या शेजारच्या घरात दिलेली.” मी पुढे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नोकरी केली, बरीच वर्षं गोव्याबाहेर. लाखो रुपयांच्या यंत्रासमोर बसून मी आयुष्यभर जो प्रश्न विचारला तो त्या म्हातारीचाच.

आज ज्या गावाबद्दल बोलणार आहे त्याचं नाव मॉस्को. रशियातलं नव्हे, अमेरिकेत आयडाहो राज्यातलं. वस्ती सुमारे २५,०००. आपलं फोंडा डोळ्यांसमोर आणा आणि फर्मागुडीच्या टेकडीवर एक मोठं विद्यापीठ ठेवा, की झालं मॉस्को. १३ नोव्हेंबर २०२२ च्या पहाटे तिथे एका भाड्याच्या घरात चार विद्यार्थ्यांचा चाकूने भोसकून खून झाला. घरातल्या आणखी दोन मुली वाचल्या. अर्धं गाव विद्यार्थ्यांचं. सेमिस्टर संपायच्या आधीच कितीतरी मुलं बॅगा भरून घरी गेली.

चाकू सापडला नाही. चाकूची चामड्याची म्यान मात्र बिछान्यावर पडलेली होती. म्यान बंद करायला तिला एक बटण असतं, दाबलं की टक् करून बसतं. बटण दाबायला अंगठ्याचा जोर लागतो. त्या धातूच्या बटणावर एकाच पुरुषाचा डीएनए मिळाला. रक्त नव्हतं. हात लागून झडलेल्या कातडीच्या पेशी, डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा.

एवढ्याशा मालाचं काय करतात? एका पेशीत डीएनए असतो सहा-साडेसहा पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाखावा भाग घ्या आणि त्याचे पुन्हा एक कोटी भाग करा. तेव्हा आधी त्याच्या प्रती काढाव्या लागतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार. अशी २८ आवर्तनं झाली की एका धाग्याच्या २६ कोटींहून जास्त प्रती होतात. ही युक्ती कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधली आणि त्यांना त्याबद्दल १९९३ चं नोबेल मिळालं. मग बघायचं काय? आपल्या डीएनएत काही जागी चार-चार अक्षरांचा एक तुकडा पुन:पुन्हा येतो, भजनात ध्रुवपद परत परत आळवतात तसा. कुणाकडे एखादं ध्रुवपद ११ वेळा, कुणाकडे १४ वेळा. एक आकडा आईकडून आलेला, एक बापाकडून. अमेरिकेत अशा २० जागा मोजतात. २० जागांचे चाळीस आकडे, एवढंच ते प्रसिद्ध ‘डीएनए प्रोफाइल’. त्यात तुमचा चेहरा नाही, स्वभाव नाही. आकडे आहेत.

मॉस्कोच्या पोलिसांनी ते आकडे गुन्हेगारांच्या सरकारी नोंदींत टाकून पाहिले. कुणीच जुळला नाही. इथे म्हातारीचा प्रश्न कामी आला. परदेशात लोक हौसेने थुंकी पाठवून आपलं कूळ-मूळ शोधतात. त्या संग्रहांत २० जागांनी भागत नाही, काही लाख जागा तपासतात. त्यांत खुनी स्वतः नसला तरी त्याचा दूरचा चुलतभाऊ असतो. सख्ख्या चुलतभावांचा डीएनए सुमारे साडेबारा टक्के सारखा. पिढी लांबली की हा वाटा घटत जातो. पणजोबांचेही वडील एक असले तर एक टक्काही उरत नाही, तरी माग काढायला तो पुरतो. मग जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी घेऊन वंशवृक्ष वर चढायचा, आणि दुसऱ्या फांदीने खाली उतरायचं. कॅलिफोर्नियातला एक जुना खुनी माजी पोलीस निघाला, २०१८ मध्ये, तो याच वाटेने.

मॉस्कोत वाट पोचली ब्रायन कोबर्गर या माणसापर्यंत. शेजारच्याच पुलमन गावच्या विद्यापीठात तो पीएचडी करत होता. विषय गुन्हेगारीशास्त्र. (हशा) हसू नका, मलाही पहिल्यांदा वाचून हसू आलं आणि मग लाज वाटली. पोलिसांकडे त्याच्या पांढऱ्या मोटारीची कॅमेऱ्यातली चित्रं होती, मोबाइलच्या नोंदी होत्या. पेनसिल्व्हेनियात त्याच्या आईवडिलांच्या घरचा कचरा उचलला गेला. त्या कचऱ्यातला डीएनए सांगत होता की म्यानेवरच्या माणसाचा हा बाप. ३० डिसेंबर २०२२ ला अटक झाली, त्याच्या गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना घेतला, तो जुळला. वंशावळीचा माग सरकारी पक्षाने खबऱ्याच्या बातमीसारखा वापरला. खटल्यात पुरावा म्हणून तो ठेवायचा नव्हताच. जुलै २०२५ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. चार जन्मठेपा, एकामागून एक.

आता हे गोव्यात आणून बघा. आपल्याकडे एका देवळाचे महाजन, म्हणजे त्या देवळाचे पिढीजात मानकरी, बऱ्याचदा एकाच कुळाचे भाऊबंद. पुरुषाचा वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ तसाच जातो, आडनावासारखा. समजा, घटनास्थळी वाय जुळला. पेपरात येईल ‘डीएनए जुळला’. अरे, पण कुणाचा? आख्खा वाडा जुळला! आजोबापासून दहावीतल्या पोरापर्यंत. त्यात पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी त्याच दहा-बारा घरांत. मग दोन माणसं तीन-तीन वाटांनी नातेवाईक असतात आणि लांबचा भाऊ यंत्राला जवळचा दिसतो. वंशवृक्षाचं जाळं होतं. ते सोडवायला यंत्राबरोबर पायरीवरची म्हातारी लागते.

या शास्त्राची सुरुवातही खेड्यातच झाली. इंग्लंडात लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना १० सप्टेंबर १९८४ च्या सकाळी डीएनएच्या ठशाची कल्पना सुचली. जवळच्या नारबरो आणि एंडरबी या खेड्यांत १९८३ आणि १९८६ मध्ये दोन पंधरा वर्षांच्या मुलींचे बलात्कार करून खून झाले होते. सतरा वर्षांच्या एका मुलाने दुसरा खून कबूलही केला होता. पोलिसांनी जेफ्रीजना सांगितलं, पहिलाही यानेच केला एवढं सिद्ध करून द्या. चाचणी म्हणाली, दोन्ही खून एकाच माणसाचे, पण हा मुलगा तो नव्हे. खुनाच्या तपासात डीएनएने पहिलं काम केलं ते निर्दोषाला सोडवण्याचं. कबुली हातात आली की तपास थांबवायची ज्यांना सवय आहे त्यांनी हे लक्षात घ्यावं. मी कुणाचं नाव घेत नाही.

पुढे त्या पंचक्रोशीतल्या पाच हजारांवर पुरुषांचं रक्त तपासलं. कुणीच जुळेना. एके दिवशी दारूच्या गुत्त्यात एकजण बोलून गेला, मी आमच्या कॉलिनच्या नावाने रक्त देऊन आलो. कॉलिन पिचफोर्क, बेकरीत कामाला. आपल्याकडे म्हणाल तर पदेर. सप्टेंबर १९८७ मध्ये सापडला. पाच हजार बाटल्यांनी जे झालं नाही ते गुत्त्यातल्या बडबडीने झालं. आपल्याकडच्या तावेर्नांचं महत्त्व कुणी कमी लेखू नये. (हशा)

आता प्रयोगशाळेची दुसरी बाजू. जर्मनीत २००७ मध्ये हाइलब्रॉनला एका पोलीस तरुणीचा खून झाला. तिथे मिळालेला एका बाईचा डीएनए आधीच्या अनेक गुन्ह्यांतही होता. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स मिळून चाळीस घटनास्थळं! खून, चोऱ्या, सगळीकडे तीच बाई. वर्षानुवर्षं शोध चालला. २००९ मध्ये उलगडा झाला: ती बाई नमुने घ्यायचे कापसाचे बोळे बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. बोळे निर्जंतुक होते, पण जंतू मेला तरी डीएनए मरत नाही.

दुसरी हकिकत कॅलिफोर्नियाची, २०१२ सालची. खून झालेल्या माणसाच्या नखांत एका बेघर माणसाचा डीएनए सापडला. तो पाच महिने तुरुंगात. शेवटी वकिलांनी शोधून काढलं की त्या रात्री तो दारू पिऊन बेशुद्ध होता आणि रुग्णालयात होता. मग डीएनए गेला कसा? आपल्या १०८ सारखी रुग्णवाहिका. आधी याला उचललं, काही तासांनी तीच माणसं खुनाच्या जागी गेली. बहुधा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरून गेला. चाचणी चुकली नव्हती. डीएनए त्याचाच होता. माणूस मात्र तिथे नव्हता.

आणि आपली अडचण पावसाची. नोकरीच्या सुरुवातीला जूनमध्ये एका ठाण्यातून सदरा आला. लाखेची मोहर व्यवस्थित, सह्या व्यवस्थित. आत प्लास्टिकची पिशवी. पिशवीला आतून घाम सुटलेला. उघडली तर वास आला आणि रक्ताच्या डागावर हिरवट-काळी बुरशी, लोणच्याच्या बरणीवर येते तशी. बुरशी आणि जंतू डीएनए खाऊन टाकतात. मी अहवालात लिहिलं, ‘नमुना निरुपयोगी’. मुद्देमाल घेऊन आलेल्या हवालदाराने विचारलं, “साहेब, मोहर तर नीट होती ना?” मोहर नीट होती. त्याला बसवून चहा दिला आणि सांगितलं: सोलं उन्हात वाळवतात, रक्त सावलीत. पंखा लावा, कोरडं करा, कागदाच्या पाकिटात घाला, प्रत्येक कपडा वेगळा. दोन महिन्यांनी तोच परत आला. पाकीट संपलं म्हणून मुलाच्या वहीचं खाकी कव्हर काढून, खळ लावून पाकीट केलं होतं. त्यातला नमुना उत्तम निघाला.

आपल्याकडे या विद्येचा पाया हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संशोधन केंद्रात डॉ. लालजी सिंग यांनी घातला. तंत्र आलं, पण न्यायालयाचा विश्वास कागदांवर ठरतो. दिल्लीत १९९६ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थिनीचा बलात्कार करून खून झाला. डीएनए आरोपीशी जुळला होता. तरी १९९९ मध्ये आरोपी सुटला, कारण नमुन्यांच्या हाताळणीवर न्यायाधीशांना शंका वाटली. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने तोच पुरावा ग्राह्य धरून त्याला दोषी ठरवलं. दहा वर्षं गेली. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या संहितेत सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. राज्यांना तयारीला पाच वर्षं दिली आहेत. डीएनए बँकेसाठीचं विधेयक मात्र २०१९ मध्ये आलं आणि २०२३ मध्ये सरकारने मागे घेतलं.

फोंड्यात बोलतोय म्हणून एक विषय टाळता येत नाही. २००९ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या एका माणसाला अटक झाली आणि सोळा बायकांच्या खुनांचे आरोप त्याच्यावर आले, १९९४ पासूनचे. काही सिद्ध झाले, कित्येकांत तो पुराव्याअभावी सुटला. इतक्या वर्षांनी सावलीत वाळवायला काय उरणार? म्हणून मी ठाण्यांत शिकवायला जातो तेव्हा सांगतो, अनोळखी प्रेत मिळालं की एक दात किंवा हाडाचा तुकडा राखून ठेवा, आणि मुलगी हरवल्याची तक्रार द्यायला आई आली की विचारून तिच्या गालाचा बोळा घ्या. कुणाची कोण, हे मग वीस वर्षांनीही सांगता येतं.

मागून एका मुलीने चिठ्ठी पाठवली आहे: ‘मॉस्कोच्या त्या माणसाने खून का केले?’ शिक्षेच्या दिवशी न्यायाधीशांनी त्याला बोलायची संधी दिली होती. आदराने नकार देतो, एवढंच म्हणाला आणि गप्प बसला. आणखी चिठ्ठ्या आहेत, पण चहा आलाय. तिथेच बोलू.