सुईला पर्याय, पण कोणत्या सुरकुतीसाठी?

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो, इंजेक्शनाविना करावयाच्या चेहऱ्याच्या चार उपचारांची मी आज तुलना करणार असल्याचे संयोजकांनी जाहीर केले आहे. ती करीनच; परंतु त्याआधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्यावी, कारण तिच्यावाचून त्या तुलनेला फारसा अर्थ उरत नाही.

तक्रार आहे ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा जोडछायाचित्रांविषयी. मागे एक बाई एका दवाखान्याची माहितीपुस्तिका घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. डावीकडच्या छायाचित्रात दिवा डोक्यावर असल्यामुळे नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घडी काळीकुट्ट दिसत होती. हनुवटी खाली झुकलेली, केस कपाळावर आलेले आणि ओठ घट्ट मिटलेले होते. उजवीकडे तीच स्त्री, पण उजेड समोरून, हनुवटी वर, केस मागे बांधलेले आणि ओठांच्या कडेला पुसटसे हसू. मी बाईंना दोन्ही चित्रांतल्या डोळ्यांकडे पाहायला सांगितले. डावीकडे बुबुळातले दिव्याचे प्रतिबिंब वरच्या पापणीला टेकलेले होते, तर उजवीकडे ते बरोबर मध्यभागी आणि बांगडीसारखे गोल होते. म्हणजे दिवाच बदलला होता. त्या दवाखान्यातल्या यंत्राने काहीच केले नसेल असे माझे म्हणणे नाही, परंतु त्या चित्रांवरून ते कळण्याची सोय ठेवलेली नव्हती. या सभागृहातले दिवेही छतालाच आहेत, तेव्हा माझ्या वयाचा अंदाज बांधताना आपण तेवढी सूट द्यालच.

आता मुद्द्याकडे वळतो. माझा आग्रह असा आहे की, सुईऐवजी काय घ्यावे हे विचारण्याआधी आपली तक्रार चेहऱ्याच्या कोणत्या थराची आहे ते पाहावे. सुईने टोचायचे बोटुलिनम विषाचे औषध, म्हणजे आपले बोटॉक्स, अमेरिकेत १९८९ साली मान्य झाले ते तिरळेपणा आणि पापण्यांची अनैच्छिक उघडझाप यांसाठी. पापण्यांच्या उपचारानंतर रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्याही मावळतात, हे कॅनडातल्या कॅरुथर्स दांपत्याने हेरले आणि १९९२ साली प्रसिद्ध केले. आठ्यांसाठी अधिकृत मान्यता मिळायला २००२ साल उजाडले. मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा रासायनिक निरोप हे औषध साधारण तीन ते चार महिने अडवून धरते. हे काम कोणताही प्रकाश, कोणतीही उष्णता किंवा कोणतेही मर्दन करीत नाही. म्हणून कपाळाला आठ्या घातल्यावरच जी रेघ उमटते आणि चेहरा सैल सोडताच नाहीशी होते, तिच्यासाठी यंत्रावर पैसे खर्च करू नयेत. त्वचेखाली टोचायचे भरावाचे पदार्थ, म्हणजे फिलर, तेही असेच: ते हरवलेली भर परत आणतात, त्वचेचा पोत सुधारण्याचे काम मुळात त्यांचे नाही. उलट खरखरीतपणा, डाग, उन्हाने पडलेल्या बारीक रेषा आणि थोडी सैलावलेली कातडी या तक्रारी त्वचेच्या आहेत, आणि माझ्या अनुभवात सुई मागायला येणाऱ्यांपैकी पुष्कळांचे दुखणे नेमके हेच असते.

ओघात एक गंमत सांगतो. चेहऱ्याच्या व्यायामावर अमेरिकेत झालेला एक छोटा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. वीस आठवडे व्यायाम केल्यावर स्त्रियांचे दिसणारे वय सरासरी पावणेतीन वर्षांनी कमी भासले. मात्र सुरुवात २७ जणींनी केली होती, शेवटपर्यंत टिकल्या १६, आणि तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. एक पंथ सांगतो की स्नायू निजवा, दुसरा सांगतो की तो कमवा. दोघांनाही गिऱ्हाईक मिळते.

अध्यक्षांनी चिठ्ठी सरकवली आहे, त्यामुळे चारही उपचार आता घाईने उरकावे लागतील. रेडिओफ्रिक्वेन्सीत विद्युतप्रवाहाला होणाऱ्या विरोधातून त्वचेच्या आतल्या थरात उष्णता निर्माण होते, त्वचेला घट्ट धरून ठेवणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू आकसतात आणि पुढील काही महिन्यांत नवे तंतू तयार होतात. केंद्रित अल्ट्रासाउंड त्याहून खोल, साडेचार मिलिमीटरपर्यंत, ठिपक्याठिपक्यांनी ऊती तापवते. ते दुखते, आणि फारच लोंबलेल्या कातडीपुढे हे दोन्ही उपचार हात टेकतात. लाल प्रकाशाचे दिवे निरुपद्रवी, पण परिणाम सौम्य, आणि तोही नियमितपणा पाळला तरच. आम्लाचे पील, म्हणजे त्वचेचा वरचा थर सोलून काढणारा लेप, डागांवर आणि पोतावर चांगले काम करते. मात्र सावळ्या त्वचेवर ते खोलवर गेले तर डाग जाण्याऐवजी नवे पडू शकतात, म्हणून सौम्य आम्ल आणि अधिक बैठका हाच मार्ग धरावा.

या चौघांआधी, आणि त्यांच्याहून कितीतरी स्वस्तात, रात्री लावायचे ट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जातीचे मलम आणि दिवसाचे सनस्क्रीन आहे. ऑस्ट्रेलियात ९०३ प्रौढांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य साडेचार वर्षांत मोजण्याइतकेही वाढले नव्हते. गर्भवतींनी ट्रेटिनॉइन वापरू नये. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी रेडिओफ्रिक्वेन्सी आणि घरी वापरायची मायक्रोकरंटची, म्हणजे चेहऱ्यावर अतिसौम्य वीजप्रवाह सोडणारी, उपकरणे, दोन्ही टाळावीत. लेझर राहिलेच, त्याविषयीचे प्रश्न लिहून द्यावेत, बाहेर उभा राहून उत्तरे देईन.