सॅक्स्टनचे नकाशे आणि ग्लासगोचे बोळ

ख्रिस्तोफर सॅक्स्टनच्या १५७९ च्या नकाशासंग्रहातले कोणतेही पान उघडा. त्यात टेकड्या आहेत, नद्या आणि त्यांवरचे पूल आहेत, उमरावांची कुंपण घातलेली शिकारीची राने आहेत. रस्ते मात्र नाहीत. इंग्लंड आणि वेल्सच्या काउंट्यांचे हे पहिले छापील नकाशे राणी एलिझाबेथच्या राज्यकारभारासाठी झाले आणि तिचा मंत्री लॉर्ड बर्ली या नकाशांच्या कच्च्या प्रती स्वतःजवळ ठेवून त्यांवर टिपणे करीत असे. कोणत्या किनाऱ्यावर शत्रू उतरू शकेल आणि कोणत्या भागात भरवशाचा माणूस कोण, याची त्याला काळजी होती, वाटसरूची नव्हती. वाटसरूचा नकाशा आला तो १६७५ साली, जॉन ओगिल्बीने मोजचाक फिरवून मैलामैलाने आखलेल्या रस्त्यांच्या लांबलचक पट्ट्यांच्या रूपाने. पुढे ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशाखात्याचा, पहिला नकाशा १८०१ साली निघाला तो केंटचा, कारण फ्रान्सचा किनारा समोर होता आणि स्वारीची धास्ती खरी होती.

गावांच्या नकाशांची गोष्ट निराळी आहे. जॉन स्पीडने १६११ च्या सुमारास काउंटीच्या नकाशांच्या कोपऱ्यांत शहरांचे छोटे आराखडे बसवले आणि त्यांपैकी अनेकांना मोजपट्टी दिली ती पावलांची. त्यानंतर अडीचशे वर्षांनी ऑर्डनन्स सर्व्हे मोठ्या शहरांचे नकाशे एकास पाचशे या प्रमाणात काढू लागला. म्हणजे एका मैलाला सुमारे साडेदहा फूट कागद. त्यात रस्त्यावरचा दिव्याचा खांबसुद्धा दाखवीत. तरीही सहा फूट रुंदीचा बोळ अशा कागदावर पाव इंचसुद्धा भरत नाही आणि त्या बोळात उजेड किती पोहोचतो, हे नकाशाला सांगताच येत नाही.

इथे छायाचित्र उपयोगी पडते. पण सगळेच नव्हे. फ्रान्सिस फ्रिथने १८६० मध्ये रायगेट येथे कंपनी काढली आणि ब्रिटनमधील गावन् गाव टिपण्याचा संकल्प सोडला. त्या कंपनीची चित्रे मोलाची आहेत, यात शंका नाही. परंतु ती प्रवाशांना विकायची असल्याने चर्च, बाजारपेठ आणि समुद्रकिनारा यांकडे कॅमेरा वारंवार वळतो. मला अधिक बोलके वाटते ते थॉमस अ‍ॅननचे ग्लासगोमधील काम. १८६६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सुधार मंडळाने जुनी दाट वस्ती पाडायचे ठरवले आणि पाडण्यापूर्वी तिची नोंद राहावी म्हणून १८६८ मध्ये अ‍ॅननला तेथे पाठवले.

हाय स्ट्रीटवरील ११८ क्रमांकाचा बोळ त्याने टिपला आहे. त्या काळी काचेवर ओला थर चढवून तो वाळण्यापूर्वीच चित्र घ्यावे आणि धुवावे लागे. शिवाय असल्या बोळांत ऊन जेमतेम उतरत असल्याने भिंग बराच वेळ उघडे ठेवणे भाग होते. म्हणून त्याच्या या चित्रांत भिंतीचा दगडन् दगड स्वच्छ उमटतो, स्थिर उभे राहिलेले रहिवासी ओळखू येतात आणि जे हलले, त्यांचा नुसता धूसर पट्टा उरतो. मंडळाला इमारतींची नोंद हवी होती. माणसे त्या चौकटीत आली ती तेथे राहत होती म्हणून, आणि बहुतेकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पाडकाम पुढे सुरू झाले. मात्र १८७८ च्या ऑक्टोबरात सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली आणि मोकळ्या केलेल्या जागांवरची नवी बांधकामे कित्येक वर्षे रखडली.