५७ सेंटिमीटर

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘शोई, अराई आणि एजीव्ही: तीन महागड्या हेल्मेटची तुलना’. तिन्ही हेल्मेट टेबलावर आहेत आणि तुलना मी करणार आहे. पण त्यांच्या शेजारी ते चौथे दिसतेय ना, करवतीने उभे चिरलेले, त्याच्याबद्दल आधी बोलते. त्याच्यामुळेच मी आज इथे उभी आहे.

त्याआधी एक विचारते. स्वतःच्या चपलेचे माप किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा. सगळ्यांना. आता डोक्याचे माप सांगा. बघा, एक हात, तोही आमच्या घरचा.

डिचोलीहून पणजीला मी वीस वर्षे रोज दुचाकीने ये-जा करते. माहेर बेळगावचे, त्यामुळे महिन्यातून एकदा साखळी, केरी, चोर्ला घाट, जांबोटी हा रस्ता ठरलेला. आधी स्कूटर होती, गेली अकरा वर्षे मोटरसायकल. खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ, पावसात रस्त्यावर बसलेली गुरे, मे महिन्याचा घाम हे तुम्हाला वेगळे सांगायला नको, तुम्हीही याच रस्त्यांवरचे.

सात वर्षांपूर्वी मी पहिले महाग हेल्मेट घेतले. गोव्याबाहेरच्या मोठ्या शहरातले मोठे दुकान. नाव घेत नाही. बावन्न हजार रुपये मी वर्षभर बाजूला टाकले होते. दुकानात मीडियम घातले तर दोन्ही गाल दाबले गेले. मी म्हटले, जरा घट्ट वाटतेय. विक्रेता म्हणाला, “मॅडम, लेडीजचे केस असतात, एक साइझ वरचा घ्या.” मग लार्ज दिले. ते असे अलगद बसले की मला आनंदच झाला. मोजपट्टी त्याने काढली नाही, मला मागायचे सुचले नाही. पाच मिनिटे घालून बसते म्हटले तर म्हणाला, अस्तराला घाम लागतो. बावन्न हजारांची वस्तू पाच मिनिटे घालून बघायची नाही! साडी घेताना आपण दहा घड्या मोडायला लावतो आणि दुकानदार हसतमुखाने मोडतो. याचा राग माझा अजून गेलेला नाही.

माप घेणे सोपे आहे. शिवणकामाची टेप घ्या. भुवयांच्या वर बोटभर जागा सोडून, कानांच्या वरून, मागे डोके सर्वांत फुगीर असते तिथून फिरवा. माझे भरते ५७ सेंटिमीटर. ५७-५८ म्हणजे मीडियम, लार्ज असते ५९-६० साठी. म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा मी डोक्यावर घेऊन फिरत होते. ऐंशीच्या वर वेग गेला की हेल्मेट हनुवटीकडून उचलले जायचे. मागचे बघायला मान वळवली की डोके आधी वळायचे, हेल्मेट मागाहून. बेळगावला पोचेपर्यंत मान भरून यायची. मला वाटायचे, महागडी हेल्मेट अशीच असणार, सवय होईल.

तिसऱ्याच महिन्यात, जुलैत, केरी सोडून घाटाला लागले. रात्रभर पाऊस झालेला, एका वळणावर डोंगराची माती वाहून रस्त्यावर पसरली होती. वेग तीसच्या आत. पुढचे चाक सुटले आणि मी डाव्या अंगावर पडले. डोके आपटले, आणि आपटल्याबरोबर हेल्मेट डोक्याभोवती फिरले. हनुवटीपुढची कठीण पट्टी नाकावर आली, चष्मा मोडला, त्याची काच भुवईत घुसली. उजवा डोळा उघडला तर समोर रस्ता नाही, अस्तराची काळी जाळी. ती जाळी मला अजून दिसते. मागून दुधाचा टेम्पो येत होता. टेम्पोवाला धावत आला आणि मी हेल्मेट ओढायला लागले तर माझे हात धरून म्हणाला, “बाय, रावात, हेल्मेट काडूं नाका.” मानेला लागले असेल तर हेल्मेट ओढून काढायचे नसते, हे त्या माणसाला माहीत होते. भुवईला चार टाके पडले. बाकी काही झाले नाही.

आपटलेले हेल्मेट परत वापरायचे नसते. घरच्यांनी माळ्यावर टाकायला सांगितले, पण मला आत बघायचे होते. लोखंड कापायची करवत आणली, तोंडाला फडका बांधला आणि उभे चिरले. काचतंतूची धूळ दोन दिवस हाताला खाजत होती. हे बघा. बाहेर कठीण कवच, आत थर्मोकोलसारखा थर, त्याला ईपीएस म्हणतात. बाहेरून डाव्या कानाच्या वर साधा ओरखडा आहे, कुणी म्हणेल नवेच आहे. पण कापलेल्या कडेवर बघा, कवच आणि थर्मोकोल यांच्यात नख जाईल एवढी फट आहे आणि त्याखाली अंगठा बसेल एवढा खळगा. कवच दबून परत वर आले, थर्मोकोल दबलेला तो दबलेलाच राहिला. त्याचे काम एवढेच, एकदाच चेपायचे आणि डोक्याला थांबायला तेवढा वेळ मिळवून द्यायचा. हे अर्धे हेल्मेट मी रांगेतून फिरवते, खळग्यात अंगठा घालून बघा. कडा हाताला लागतील, जपून.

तुम्ही म्हणाल, तीसच्या वेगाला एवढे? युरोपातल्या ईसीई चाचणीत हेल्मेट ऐरणीवर आपटतात ते सेकंदाला ७.५ मीटर वेगाने, म्हणजे ताशी २७ किलोमीटर. पावणेतीन मीटरांहून थोड्या जास्त उंचीवरून पडावे तेवढे. हा गाडीचा वेग नाही, डोके आपटण्याचा वेग आहे. तुम्ही साठवर असा की वीसवर, रस्त्यापासून डोक्याची उंची तीच राहते. वेगाचा हिशेब लागतो तो पुढे गडगा, खांब किंवा ट्रक आडवा आला तर. ईसीईच्या आताच्या २२.०६ या नियमात सेकंदाला ६ आणि ८.२ मीटर वेगाच्या चाचण्याही आल्या, शिवाय ४५ अंशांच्या उतरत्या पृष्ठभागावर ८ मीटर वेगाने तिरके आपटणेही आले. कारण डोके सरळ क्वचितच आपटते. ते घासत, वळत आपटते आणि मेंदू आत पिळला जातो.

आज माझे खरे सांगणे एवढेच आहे. या सगळ्या चाचण्यांत हेल्मेटच्या आत जे खोटे डोके बसवतात, ते त्या हेल्मेटच्या मापाचे असते. मीडियममध्ये मीडियमचे, लार्जमध्ये लार्जचे. लार्ज हेल्मेटमध्ये ५७ चे डोके घालून कुणी प्रमाणपत्र दिलेले नाही. म्हणजे माझ्या त्या हेल्मेटवरचा शिक्का खरा होता, पण तो माझ्या डोक्यासाठी नव्हता. दोष कंपनीचा नव्हता. तिचे हेल्मेट आपले काम करून गेले.

मुळात हेल्मेट डोके वाचवते, हे डॉक्टरांनी फार पूर्वी ओळखले होते. १९३५ साली इंग्लंडमध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. डोक्यावर काही नव्हते. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे तरुण मेंदूचे शल्यचिकित्सक होते. ती केस त्यांच्या मनातून गेली नाही. १९४१ मध्ये त्यांनी मोटरसायकलवरच्या सैनिकांच्या डोक्याच्या इजांवर निबंध लिहिला आणि ब्रिटिश लष्कराने आपल्या निरोप्यांना हेल्मेट सक्तीचे केले. सर्वसामान्यांना ते लागू व्हायला तिथेही १९७३ उजाडले. सांगायचे हे की हेल्मेट पोलिसांच्या डोक्यातून आलेले नाही. आपल्याकडे ते पोलिसांसाठी कोपरात अडकवतात. पणजीच्या स्टँडवर आमचे पायलट बांधव आहेत, उन्हातान्हात दिवसभर भाड्याने मोटरसायकलवरून माणसे वाहणारे. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट असते, पण मागे बसणाऱ्याचे डोके उघडे. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मागच्यालाही लागू आहे. भाड्याच्या स्कूटरवरच्या पाहुण्यांना तर अर्धी टोपली मिळते, हनुवटी उघडी. जर्मनीतल्या अपघातांच्या एका जुन्या अभ्यासात हेल्मेटवरच्या आघातांपैकी जवळजवळ एक तृतीयांश हनुवटीच्या भागात आढळले होते. माझी हनुवटी शाबूत आहे ती त्या पट्टीमुळे, नाकावर आली असली तरी.

चिठ्ठी आली, दहा मिनिटे उरली आहेत. तर तुलना.

नवऱ्याचे आणि माझे माप एकच निघाले, ५७, म्हणून तिन्ही हेल्मेट मी भरपूर वापरली आहेत. शोई आणि अराई जपानची, एजीव्ही इटलीची, १९४७ पासूनची. मापाबरोबर आकारही बघायचा असतो. कुणाचे डोके पुढून मागे लांबट, कुणाचे गोल. शोई माझ्या डोक्याला बरोबर बसते, ना लांबट ना गोल. एजीव्ही मला कानशिलाशी जरा अरुंद वाटते, पण माझ्या लांबट डोक्याच्या नवऱ्याला तीच आवडते. तिच्यात मीडियमचेच दोन भाग आहेत, ५७ साठी एक आणि ५८ साठी एक. त्या एका सेंटिमीटरची किंमत मला आता कळते.

वजन म्हणाल तर एजीव्हीचे के-सिक्स सर्वांत हलके, घरच्या काट्यावर तेराशे ग्रॅमच्या आतबाहेर. शोई चौदाशेच्या पुढे, अराई सोळाशेच्या जवळ. पण डोक्यावर नीट बसलेले अराई मला सैल बसलेल्या हलक्या हेल्मेटपेक्षा कमी जड लागते. अराईचे कवच बाहेरून गुळगुळीत, गोल ठेवलेले असते, आपटल्यावर अडकू नये, घसरत जावे म्हणून. काचेची बिजागरी त्यासाठी खाली घेतली आहे. म्हणूनच त्याची काच काढायला सराव लागतो. शोईची काच मी पावसात, रस्त्याकडेला, ओल्या हाताने बदलली आहे. अराईच्या पूर्ण बंद हेल्मेटमध्ये आतला काळा चष्मा मुद्दाम देत नाहीत. तो हवा असेल तर शोईचे जीटी-एअर बघा.

आपल्या पावसात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पिनलॉक. काचेच्या आत दुसरी पातळ काच बसवतात, कडेला सिलिकॉनची रेघ आणि मध्ये हवेचा थर, त्यामुळे वाफ धरत नाही. घाटातल्या धुक्यात हे नसेल तर काच उघडी ठेवून जावे लागते आणि पावसाचे थेंब डोळ्यांत खिळ्यांसारखे लागतात. कोणतेही हेल्मेट घ्या, पण पिनलॉकशिवाय गोव्यात घेऊ नका. ते साबणाने घासू नका, मऊ ओल्या कापडाने टिपा.

बुरशीचे सांगायलाच हवे. जून ते सप्टेंबर गालाच्या गाद्या दर पंधरवड्याला काढून कोमट पाण्याने धुवा आणि पंख्याखाली वाळवा. शोई आणि अराई दोन्हींच्या गालांच्या गाद्या खालून पट्टी ओढून निघतात. ती सोय अपघातानंतर हेल्मेट मान न हलवता काढता यावे म्हणून आहे. तो टेम्पोवाला बरोबर होता. पाच वर्षे वापर किंवा बनल्यापासून सात वर्षे, यापुढे हेल्मेट ठेवू नका. तारीख आत छापलेली असते.

आणि ज्यांना पन्नास हजार परवडत नाहीत त्यांच्यासाठी. ब्रिटनमध्ये शार्प नावाची सरकारी योजना हेल्मेट फोडून तारे देते. तिथे स्वस्त हेल्मेटनाही पाच तारे मिळाले आहेत आणि महागड्यांना कमीही. आपल्याकडे आयएसआय शिक्का १ जून २०२१ पासून सक्तीचा आहे. मापाचे, शिक्क्याचे, पूर्ण बंद हेल्मेट चार-पाच हजारांत मिळते. महागड्यात जास्तीचे मिळते ते वारा, आवाज, वाफ आणि थकवा कमी होण्याचे. माझ्यासारखी घाट चढणारी असेल तर ते मोलाचे आहे. डिचोली-पणजी करणाऱ्याने आधी टेप विकत घ्यावी.

सात वाजता सभागृह सोडायचे आहे, म्हणून पहिल्या रांगेपासून या. माप मी घेते. बायकांनी क्लिप काढा, अंबाडा सोडून वेणी खाली मानेपाशी घ्या. चष्मा काढा, हेल्मेट घातल्यावर दांड्या बाजूने आत सरकवा. पट्टा लावा, मग हनुवटीची पट्टी धरून हेल्मेट डावीउजवीकडे फिरवा. गालाची कातडी त्याच्याबरोबर फिरली पाहिजे. तसेच दहा मिनिटे बसा, अस्तराला घाम लागू दे. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल खूण दिसली, तर माप बरोबर असले तरी तो आकार तुमचा नाही, शेजारचे घालून बघा.